सगळ्यांना हो म्हणणारी अँटीबॉडी

हैदराबादहून ट्रॅव्हल्सनं आलेला थर्माकोलचा डबा उघडला की आधी नुसता बर्फाच्या पिशव्यांचा पसारा निघतो. त्या बाजूला करायच्या, खाली फोम, फोमखाली प्लॅस्टिकची पुडी, आणि पुडीत करंगळीच्या पेराएवढी नळी. नळीच्या तळाशी काय, तर पाण्यासारखा एक थेंब. चष्मा नसेल तर तोही दिसत नाही. नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत ही नळी मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "पाडलीस तर तुला विकून पैसे भरावे लागतील." मी म्हटलं, "मला कोण घेतंय मॅडम, तुम्हीच कंटाळलात."

त्या थेंबात अँटीबॉडी असते. माणसाच्या नाकात वर, अगदी छताला, वास टिपणाऱ्या पेशी असतात आणि त्या पेशींवर वास धरणारी प्रथिनं असतात. अशा एका प्रथिनाचा बारीकसा तुकडा सशाला टोचतात. सशाच्या शरीराला वाटतं, कुणीतरी परकं घरात घुसलं. मग त्याच्या रक्तात त्या तुकड्याला नेमकं ओळखून धरणारं काहीतरी तयार होतं, तीच ही अँटीबॉडी. ती माणसाच्या नाकाच्या पातळशा कापावर सोडली की आपलं प्रथिन हुडकून त्याला चिकटते. मग तिच्यावर चमकणारा रंग लावलेली दुसरी अँटीबॉडी सोडायची, आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. जिथं प्रथिन, तिथं हिरवं टिंब.

हे काम करून मला बरीच वर्षं झाली. तरी दरवेळी टिंबं दिसली की माझे हात थांबतात. ससा कुठला, नाक कुणाचं, दोघांची कधी गाठ नाही भेट नाही, आणि त्या सशाच्या रक्ताला माणसाच्या नाकातली एवढीशी खूण ओळखता येते. आमच्याकडची नवी पोरं ह्याला 'रूटीन' म्हणतात. मला राग येतो. मी त्यांना सांगते, आधी दोन मिनिटं गप बसून बघा, मग फोटो काढा.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, शिरूर अनंतपाळला मसाल्याचं दुकान चालवतात. धने, सुकं खोबरं, दगडफूल, तीळ, शेंगदाणे, आणि अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, भाजून दिलेला काळा मसाला. सकाळी लिंगपूजा झाली, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले, दुधाचा चहा घेतला की अप्पा दुकानात. तराजू, पोती, गल्ला हे सगळं दुकानात होतंच, पण दुकान चालायचं ते त्यांच्या नाकावर. पोत्यात हात घालायच्या आधी ते वाकून वास घ्यायचे, आणि खोबऱ्याला जरा जुनाट वास आला की व्यापाऱ्याला पोतं परत. गावातल्या बायका त्यांच्याकडून माल नेताना हुंगून बघायच्या नाहीत. अप्पांनी हुंगलं म्हणजे झालं.

मागच्या वर्षी अप्पांना ताप आला. आला तसा उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. आणि हा माणूस कुणाला बोलला नाही. रोज दुकान उघडायचं, पोत्यावर वाकायचं, मान हलवायची, सगळं पूर्वीसारखं. आतून काही कळत नसायचं. मागच्या गल्लीतल्या एका बाईच्या घरी नातवाचं बारसं होतं, तिनं अप्पांकडून खोबरं नेलं. दुसऱ्या दिवशी ती उरलेलं खोबरं पदराखाली झाकून घेऊन आली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "अप्पा, खवट निघालं. पंगतीत लोक चटणी बाजूला सारायलेत, तवा कळालं. तुमच्या दुकानाचं म्हणून मी हुंगलं न्हाई."

अप्पांनी त्याच दुपारी शटर ओढलं. ते उघडलंच नाही. मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायला एक जण जागा बघतच होता, तो येऊन विचारून गेला. अप्पा त्याला म्हणाले, गुढीपाडव्यापर्यंत थांब. आणि अव्वाला म्हणाले, "वास आला तर उघडीन. न्हाई तर लोकांना खवट विकायला मी बसलो न्हाई." अव्वानं हे सगळं मला फोनवर सांगितलं आणि वर म्हणाली, "तुझं ते नाकाचंच काम हाय न्हाई का? मग बघ की काहीतरी."

आता हिला कसं समजवायचं की माझं काम नाकाचं नाही, नाकातल्या एका प्रथिनाला ओळखणाऱ्या अँटीबॉडीचं आहे. नवरदेवाशी वाजंत्र्याची जेवढी ओळख तेवढीच माझी नाकाशी. पण अप्पा दुकानाविना म्हणजे नुसते ओट्यावर बसलेले अप्पा, ते चित्र मला सहन होत नव्हतं. मी म्हटलं, बघते, त्यांना नांदेडला पाठव.

नेमकं त्याच दिवसांत प्रयोगशाळेत आमचं एका नळीशी वाजलं होतं. ती नळी आली तेव्हा आम्ही हरखलो होतो. पहिल्याच दिवशी नाकाच्या कापावर अशी हिरवी झगमग उठली की मॅडमनी सगळ्यांना चहा सांगितला. मग नियमाप्रमाणे उलट तपासणी केली. आमच्याकडे दोन बश्यांत पेशी वाढवलेल्या होत्या. एका बशीतल्या पेशींना आम्ही मुद्दाम ते वासाचं प्रथिन तयार करायला लावलं होतं, दुसऱ्या बशीतल्या पेशी कोऱ्या, त्यांच्यात ते नावालाही नव्हतं. अँटीबॉडी खरी असेल तर पहिली बशी उजळायला हवी आणि कोरी बशी काळी राहायला हवी. दोन्ही उजळल्या. त्यातही कोरी जरा जास्तच.

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाल्या, "ही सगळ्यांना हो म्हणतीय. हिचा काय उपयोग?" आणि खरंच होतं. माणसाच्या नाकात अशी प्रथिनं एक नाही, दोन नाही, चारशेच्या आसपास आहेत, आणि सगळी एकमेकांची सख्खी भावंडं दिसावीत अशी. त्यातल्या एकाला ओळखायचं आणि बाकीच्यांना नाही म्हणायचं, हेच तर अँटीबॉडीचं काम. चिकटणं सोपं असतं. ज्याला चिकटायचं नाही त्याला सोडून देणं, ते अवघड. आम्ही ती नळी बाजूला टाकली आणि दुसरीची वाट बघत बसलो.

अप्पा नांदेडला आले ते पांढरंशुभ्र धोतर नेसून, डोक्यावर टोपी, हातात अव्वानं दिलेल्या शेंगाच्या चटणीचा डबा. मी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नाकात दुर्बिणीची नळी घालून आत पाहिलं, म्हणाले, आत सूज नाही, गाठ नाही, तापानं आतल्या पेशी मेल्या असतील, पुन्हा येतात कधी कधी. मग विचारलं, "बाबा, वास थोडाफार येतो का आता?"

"येतो की साहेब," अप्पा म्हणाले, "तुमच्या किरपेनं थोडा थोडा."

डॉक्टर खूश झाले. मीही झाले. घरी येऊन म्हटलं, आपण नीट बघू. प्रयोगशाळेतून तपकिरी बाटल्या आणल्या होत्या, आतलं दिसू नये म्हणून. कापसाचे बोळे करून एकात लवंगेचं तेल, एकात कापूर, एकात गुलाबपाणी, एकात लिंबाची साल चोळून ठेवली. आणि हाताला सवय म्हणून एका बाटलीत नुसतं साधं पाणी. आमच्या धंद्यात कोरी बाटली ठेवल्याशिवाय कुठलीही तपासणी पुरी होत नाही. माझे हात ते आपोआप करतात, मी त्याचा विचारही केला नव्हता.

अप्पा पाटावर मांडी घालून बसले. मी डोळे मिटायला सांगितले आणि लवंगेची बाटली नाकाशी धरली.

"हाव," ते म्हणाले. "लवंग."

कापूर धरला. "कापूर हाय. मला काय कळत न्हाई व्हय." गुलाबपाण्याला जरा थांबले, म्हणाले, गोड हाय, गुलाब असंल. लिंबाला तर लगेच म्हणाले. मला इतका आनंद झाला की बाटल्या तशाच टाकून मी आधी अव्वाला फोन लावला. अव्वा फोनवरच रडायला लागली. तिनं शेजारच्या घरात जाऊन सांगितलंही, ते मला फोनवरच ऐकू आलं. फोन ठेवून मी परत बसले, आता उगाच एक राहिली आहे म्हणून शेवटची बाटली धरली. पाण्याची.

अप्पांनी लांब श्वास घेतला. चेहऱ्यावर समाधान आणलं. "मंद हाय," ते म्हणाले, "पण हाय. लई छान हाय. चंदनावाणी."

मी बाटली हातात धरून बसून राहिले. बाकीचं सगळं मग मला आपोआप दिसायला लागलं. कापूर आणि लवंग नाकाला झोंबतात, थंड लागतात, ते ओळखायला वास यावा लागत नाही, कातडीलाच कळतं. लिंबू मी त्यांच्यासमोर कट्ट्यावर कापून ठेवलं होतं. गुलाबपाण्याची बाटली अव्वानंच त्यांच्या पिशवीत दिली होती. चाळीस वर्षं गिऱ्हाईक ओळखण्यात काढलेला माणूस, त्याला लेकीचं तोंड ओळखायला काय लागतं. डोळे मिटायच्या आधीच त्यांनी माझ्या तोंडावरची आशा वाचली होती, तेवढ्यावर उत्तरं दिली होती.

मला राग आला. खोटं सांगत नाही, लई राग आला. तेव्हाच बोलले असते तर ओरडले असते, म्हणून बाटल्या आवरून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना म्हटलं, चला, माझं काम बघायला.

नवी नळी आदल्याच आठवड्यात आली होती आणि ती खरी निघाली होती. मॅडमनी परवानगी दिली, अप्पांसाठी खुर्चीही ओढून दिली. अंधाऱ्या खोलीत मी आधी दोन बश्या दाखवल्या. पडद्यावर पहिली बशी आली, काळोखात हिरव्या पेशी. दुसरी आली, नुसता काळोख. "ह्या बशीत ते प्रथिन नाही," मी सांगितलं, "म्हणून ही काळी राहिली. ही अँटीबॉडी नाही म्हणू शकते, म्हणून हिचं हो आम्ही खरं मानतो. हिच्या आधी एक नळी आली होती. ती दोन्ही बश्यांना हो म्हणायची. ती टाकून दिली."

मी मग नाकाचा काप लावला. कुणाच्यातरी नाकाची शस्त्रक्रिया करताना काढलेला तुकडा, त्या माणसानं संशोधनासाठी सही करून दिलेला, नाव आम्हाला ठाऊक नसतं. पडद्यावर ओळीनं उभ्या पेशी दिसल्या, बहुतेक अंधारात, आणि मध्येच एखादी, मग बरंच अंतर सोडून आणखी एखादी, टोकाला हिरवी.

"एवढ्याच कामून?" अप्पांनी विचारलं.

"कारण बाकीच्यांनी दुसरी प्रथिनं निवडलीत. चारशेतलं एक, प्रत्येक पेशी एकच निवडते आणि जन्मभर तेच धरून बसते. ही अँटीबॉडी फक्त एकाला ओळखते."

"कोण ठरवतं, कोणी कोणतं घ्यायचं?"

"ते अजून नीट कळलेलं नाही."

"तुम्हालाबी न्हाई?" ते म्हणाले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. देवळात काढतात तशी. "कुणाचं नाक हाय म्हणालीस?"

"माहीत नाही, अप्पा."

त्यांनी पडद्याकडे बघून हात जोडले. मॅडम दारात उभ्या होत्या, त्या एरवी कशालाही हसतात, त्या हसल्या नाहीत. एवढी वर्षं मी त्या टिंबांकडे थांबून बघत आले, पण ती कुणाच्यातरी नाकातली आहेत, तो माणूस कुठंतरी ह्या क्षणी वास घेत फिरत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं.

मी त्यांना आणखी सांगितलं. म्हटलं, मेंदूच्या बाकी पेशी कवटीत आत, सुरक्षित. ह्या वासाच्या तेवढ्या उघड्यावर, येणाऱ्या जाणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर. धूळ, धूर, ताप, सगळं आधी ह्यांच्यावर. म्हणून ह्या मरतात. आणि खालच्या थरातून नव्या उगवतात. नवी उगवली की तिला चाळणीसारख्या हाडाच्या भोकातून वर चढून मेंदूतली आपली जागा हुडकावी लागते. कुणी दाखवत नाही. ती जाते आणि सापडते तिला.

"म्हातारपणीबी उगवत्यात?"

"म्हातारपणीही. कमी, पण उगवतात."

"माझ्या नाकात बघता येतं का हे?"

"त्यासाठी तुकडा कापावा लागेल. डॉक्टर म्हणाले गरज नाही. आणि एवढ्याशा तुकड्यावरून काही ठरतही नाही. तुमच्या नाकाचं तुम्हीच सांगायचं, अप्पा. दुसरं कुणी सांगू शकत नाही."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कालच्या शेवटच्या बाटलीत काय होतं?"

"पाणी."

"मग ती टाकून दिलेली नळी मीच की," अप्पा म्हणाले.

मला हसू आलं आणि रडूही. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी विचारलं, असं का केलंत? ते म्हणाले, "तू एवढ्या आशेनं पुढं धरायलीस. लेकीनं पुढं केलेल्या ताटाला नको कसं म्हणायचं? डॉक्टर बी बिचारा एवढी नळी घालून बघायला, त्याला वाईट वाटू नाही." खरंच आहे, आमच्याकडं कुणाच्या घरी भाजी अळणी असली तरी माणूस मीठ मागत नाही, छान झालीय म्हणून आणखी वाढून घेतो. अप्पांचं सगळं आयुष्य ह्या रीतीत गेलेलं. पण ते तिथं थांबले नाहीत. आवाज बारीक करून म्हणाले, "आणि न्हाई म्हणलं की संपलंच ना माय. न्हाई म्हणलं की दुकान गेलं."

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच बाटल्या मागितल्या. मी त्यांचे डोळे उपरण्यानं बांधले, क्रम बदलला. एकेक बाटली नाकाशी धरली. "झोंबतंय, वास न्हाई," ते लवंगेला आणि कापराला म्हणाले. गुलाबपाण्याला म्हणाले, न्हाई. लिंबाला, न्हाई. पाण्याला, न्हाई. प्रत्येक वेळी ते मनापासून वास घ्यायचे, थांबायचे, वाट बघायचे आणि मग सांगायचे. मला त्यांचं एवढं कौतुक कधीच वाटलं नव्हतं. ज्या माणसानं दुकानाबाहेर जन्मात कुणाच्या तोंडावर नाही म्हटलं नाही, तो लेकीसमोर बसून आपल्याच दुकानाच्या विरोधात साक्ष देत होता. फोनवर अव्वाला खरं सांगायचं कामही त्यांनीच केलं. ती एवढंच म्हणाली, जेवला का.

डॉक्टरांनी एक उपाय सांगितला होता. रोज सकाळ-संध्याकाळ तेच चार वास, एकेक करून, मन लावून घ्यायचे. येवो न येवो. नव्या पेशी उगवत असतील तर त्यांना जणू हाक मारत राहायचं. अप्पांनी लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी असे चार घेतले आणि शिरूरला परत गेले. लिंगपूजा झाली की त्याच आसनावर बसून चार बाटल्या. अव्वा सांगायची की पूजेला एवढा वेळ लावत न्हाईत. मी दर रविवारी फोन करायचे. "काय अप्पा?" "न्हाई." मग इकडच्या तिकडच्या गोष्टी. पुढच्या रविवारी पुन्हा, न्हाई. दिवाळी गेली, संक्रांत गेली. ते थकले असतील असं मला वाटायचं, पण आवाजात थकवा नसायचा. एकदा मात्र म्हणाले, "तुझी ती टिंबं रोज डोळ्यापुढं येत्यात. माझ्या नाकात अंधार असंल का गं सगळा?" मी खोटा धीर देऊ शकत नव्हते, आता आमच्यात ते चालत नव्हतं. म्हटलं, माहीत नाही अप्पा. ते म्हणाले, बरं.

इकडे प्रयोगशाळेत ती अँटीबॉडी रोज तिचं काम करत होती. नवे काप, नवी टिंबं. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचे आणि मनात म्हणायचे, असंच एखादं तिकडं शिरूरला उगव की रे. हे विज्ञान नव्हे, मला कळतं. पण म्हणायचे.

पाडवा जवळ आला. अव्वाचा फोन आला की मोबाईलवाला उद्या टेप घेऊन माप घ्यायला येणार आहे, अप्पांनी हो म्हटलंय. मी सकाळचं काम कसंबसं उरकलं, हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं आणि दुपारची गाडी धरली. अहमदपूरला गाडी बदलून शिरूरला उतरेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. वाटेत ठरवलं होतं, दुकानाचा विषय आपण काढायचा नाही. अप्पा काढतील तर ऐकायचं.

अप्पा ओट्यावर बसले होते. मी पिशव्या दारात ठेवल्या, पाया पडले. ते म्हणाले, "आलीस? ऊन लई हाय." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "काय आणलंस?"

"तुमच्यासाठी पेढे."

"पेढे न्हाई. हे घाण काय यायलंय?"

मी जागच्या जागी उभी राहिले. माझ्या हातात बाटली नव्हती. मी काही पुढं केलं नव्हतं, काही विचारलं नव्हतं. आत अव्वा फोडणी टाकत होती, ती तिथूनच ओरडली, "कशाचा वास? मला तर काही न्हाई येत." मी माझी बाही हुंगली, काहीच नाही. आणि मग मला आठवलं की गेलेलं नाक कधी कधी नसलेले वास उभे करतं, तेही अशीच घाण उभी करतं. खऱ्या वासाला जागा असते, भासाला नसते. पिशव्या तिथंच सोडून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले आणि आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, "कुठून येतोय?"

अप्पा उठले. आधी माझ्याकडे आले, खांद्याजवळ वास घेतला, म्हणाले, "तू न्हाईस." ओट्याकडे वळले, थांबले, मान फिरवली. मग दाराकडे गेले. पेढ्यांच्या पिशवीवर वाकले, सोडून दिली. कपड्यांच्या पिशवीपाशी गुडघे टेकले. "हितं हाय," ते म्हणाले, आणि आत हात घालून कपड्यांच्या खालून एक कॅरीबॅग काढली, तिच्यातून दुसरी, आणि दुसरीतून माझा प्रयोगशाळेतला एप्रन. सकाळी घाईत माझ्या हातून झायलीनची बाटली कलंडली होती. कापांवरचं मेण उतरवायला ते वापरतो, त्याचा उग्र वास आम्हा लोकांना सवयीनं येतच नाही. मी तो एप्रन दोन पिशव्यांत बांधून आणला होता आणि साफ विसरले होते.

मी अंगणातच खाली बसले आणि हमसून रडायला लागले. अव्वा हातात उलथनं घेऊन धावत बाहेर आली, तिला वाटलं कुणाला काही झालं. अप्पा एप्रन दोन्ही हातांत धरून गुडघ्यावर बसले होते. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. "लई घाण हाय गं," ते अव्वाला म्हणाले. "घे, बघ. कसली घाण हाय." अव्वानं एप्रन नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं, आणि मग तिला कळलं, आणि ती तशीच खाली बसली.

"त्या मोबाईलवाल्याला फोन लाव," अप्पा मला म्हणाले. "उद्या येऊ नको म्हण."

मी फोन शोधायला लागले. तेवढ्यात त्यांनी एप्रन परत घेतला, चेहऱ्यावर दाबला आणि छाती भरून श्वास घेतला. मी म्हटलं, अप्पा, पुरे आता, ते नाकाला चांगलं नसतं.

"असू दे," ते एप्रनच्या आतूनच म्हणाले. "आणखी एकदा घेऊ दे."